एक राज्य, एक कोठार

१८६७ साली मुंबईत एक मराठी निबंध छापून निघाला. ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ हे त्याचं नाव. राज्यातली सगळी प्रजा हे एकच कुटुंब आणि राज्यातली सगळी जमीन ही त्या कुटुंबाची एकच शेती, असं त्यात मांडलं होतं. जे पिकेल ते गावच्या कोठारात जमा व्हावं आणि ज्याला जेवढं लागेल तेवढं त्यानं तिथून न्यावं. कोणी कोणाला पैसे मोजायचे नाहीत. खंड, व्याज, सारा, मजुरी या सगळ्यांना या राज्यात जागाच उरत नाही.

लेखक विष्णू भिकाजी गोखले. लोक त्यांना विष्णुबुवा ब्रह्मचारी म्हणत. त्यांचं इंग्रजी शिक्षण झालेलं नव्हतं आणि युरोपातल्या समाजवादी मंडळींशी त्यांची ओळख असण्याचा संभवही नव्हता. मुंबईकर त्यांना ओळखत होते ते वेगळ्याच कारणासाठी : पाद्र्यांना भर सभेत वादाला उभं करणारा हिंदू धर्माचा कैवारी म्हणून. आजही त्यांचं नाव निघतं ते बहुधा त्याच संदर्भात. निबंधाचा उल्लेख झालाच, तर त्याला एक वाक्य हमखास जोडलेलं असतं, की त्याच वर्षी जर्मनीत हँबर्गला मार्क्सच्या ‘दास कापिताल’चा पहिला खंड प्रसिद्ध झाला. गोष्ट खरी आहे. पण या योगायोगानं विष्णुबुवांचं भलं झालेलं नाही. ते मार्क्सच्या शेजारी मांडून ठेवलेलं एक नवल होऊन बसले आणि हा विचार आला कुठून, तो कोणत्या शहरात, कोणत्या मातीत वाढला, हे विचारायचं राहून गेलं.

विष्णुबुवांचा जन्म २० जुलै १८२५ रोजी आताच्या रायगड जिल्ह्यातल्या शिरवली गावी झाला. पेशवाई बुडून सात वर्षं झाली होती. वडील लवकर गेले, शिक्षण जेमतेम झालं. पोरवयात दुकानात नोकरी आणि पुढे सरकारच्या जकात खात्यात चाकरी, असा कोकणातल्या गरीब ब्राह्मणाच्या मुलाला तेव्हा जो मार्ग होता तोच त्यांनीही धरला. या दोन नोकऱ्यांकडे त्यांच्या चरित्रात फारसं कोणी थांबून पाहत नाही. थांबायला हवं. दुकानात बसणाऱ्याला धान्याचा भाव आणि उधारीची वही कळते. जकातीच्या नाक्यावर बसणाऱ्याला राज्य दिसतं ते येणाऱ्याजाणाऱ्याचा माल अडवून पैसा घेणारं. ज्यानं पुढे पैशाशिवायचं आणि करांशिवायचं राज्य कागदावर उभं केलं, त्यानं कोवळ्या वयात ही दोन्ही दारं आतून पाहिलेली होती.

तिसरी गोष्ट जमिनीची. कोकणात खोती होती. गावचा खोत सरकारात सारा भरी आणि कुळांकडून पिकाचा वाटा, शिवाय वेठ, वसूल करी. राबणारा एक आणि खळ्यावरचं धान्य मोजून नेणारा दुसरा, हा देखावा शिरवलीच्या आसपास दर सुगीला दिसणारा होता. या खोतीचा पुढचा इतिहास याच रायगडात घडला. १९३३ पासून सहा वर्षं अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली संप करून जमिनी पडीक ठेवल्या. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन आले. विष्णुबुवा या सगळ्यांच्या कितीतरी आधीचे. त्यांनी खोताविरुद्ध संप केला नाही, अर्जही केला नाही. ज्या राज्यात खोत असूच शकत नाही अशा राज्याचा आराखडा त्यांनी लिहिला.

वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली आणि ते सप्तशृंगीच्या डोंगरावर तपाला गेले. आपल्याला ज्ञान झालं ते प्रत्यक्ष ईश्वराकडून, असं ते सांगत. कोणाचा अनुग्रह नाही, कोणता मठ नाही, कोणती परंपरा नाही. हा दावा मानायचा की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण त्याचा एक परिणाम उघड दिसतो. ज्याला गुरू नाही त्याला गुरूची भीड नाही. शास्त्री-पंडितांचा आधार न घेता वेदान्ताचा अर्थ लावायला आणि तो अर्थ थेट राज्यकारभारापर्यंत नेऊन भिडवायला विष्णुबुवा मोकळे राहिले. देशावरच्या गावागावांतून व्याख्यानं देत ते १८५६ मध्ये मुंबईला पोचले.

त्या वर्षीची मुंबई नव्या नव्या गोष्टींनी भरलेली होती. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू होऊन तीनच वर्षं झाली होती. तारायंत्र आलं होतं. कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला उभारलेली शहरातली पहिली कापडगिरणी त्याच १८५६ मध्ये चालू झाली. परळ-लालबागकडे तेव्हा बागा, वाड्या आणि गव्हर्नराचा बंगला होता, गिरण्यांचे भोंगे नंतरचे. मराठी वस्तीचं आणि मराठी छापखान्यांचं ठाणं गिरगावात होतं.

आणि शहरात धर्माचा वाद पेटलेला होता. १८३१ साली डॉ. जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला, तेव्हापासून पाद्री आणि पंडित यांचे सामने मुंबईला परिचयाचे झाले होते. १८३९ मध्ये दोन पारशी तरुण ख्रिस्ती झाले आणि पारशी समाज हादरला. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा लहान भाऊ श्रीपत मिशनमध्ये राहून परतला, तेव्हा त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी कंबर कसली आणि सनातन्यांनी त्यांच्याशी उभा दावा मांडला. विष्णुबुवांनी जेव्हा पाद्र्यांना आव्हान दिलं, तेव्हा ऐकायला येणाऱ्या माणसांच्या मनात हे सगळं ताजं होतं.

१५ जानेवारी १८५७ ला समुद्रकिनाऱ्यावर हा वाद सुरू झाला आणि २८ मेपर्यंत चालला. दोन्ही दिवस गुरुवार. दर गुरुवारी संध्याकाळी बॅकबेच्या वाळूवर एका बाजूला विष्णुबुवा, दुसऱ्या बाजूला मिशनरी आणि भोवती गर्दी. वय वर्षं ३१, पाठीशी ना संस्था ना धनिक. प्रश्न साध्या मराठीत विचारले जात : देव एक आहे तर तो तीन कसा? दयाळू देव माणसाला कायमचं नरकात कसा ठेवील? उलटीकडून प्रश्न येत मूर्तिपूजेवर, पुराणातल्या कथांवर, जातिभेदावर. आज या किनाऱ्यावरची चौपाटी म्हटल्यावर टिळकांचा पुतळा, गणेश विसर्जन आणि राजकीय सभा आठवतात. टिळकांना १ ऑगस्ट १९२० ला इथेच अग्नी दिला गेला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात २० नोव्हेंबर १९५५ ला मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा लोकांनी इथेच उधळली. पण या किनाऱ्याला जाहीर वादाची सवय लागली ती त्याआधी, १८५७ च्या त्या गुरुवारांनी. सभागृहाला दार असतं आणि दारावर कोण आत येईल हे ठरवणारा कोणी असतो. वाळूवर येऊन उभं राहायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

प्रतिपक्षातला एक माणूस विसरण्याजोगा नाही. जॉर्ज बोवेन हे अमेरिकन मिशनरी १८४८ मध्ये मुंबईत आले आणि १८८८ मध्ये इथेच वारले. मायदेशी ते परत गेले नाहीत. मिशनचा पगारही त्यांनी येताच थोड्या काळात सोडला आणि अगदी थोडक्यात, गरिबांसारखं राहून ते ‘बॉम्बे गार्डियन’ हे पत्र चालवीत. या वादाचा इंग्रजी वृत्तांत त्यांनीच १८५७ मध्ये छापला. म्हणजे किनाऱ्यावर समोरासमोर उभी होती ती मालमत्तेवर पाणी सोडलेली दोन माणसं. आपल्या विरुद्ध बोलणाऱ्याचे मुद्दे छापून ठेवण्याची सचोटी बोवेन यांच्याकडे होती, म्हणून आज हा वाद आपल्याला वाचायला मिळतो. पुढे तो मराठीतही पुस्तकरूपानं निघाला.

१० मेला मीरतच्या शिपायांनी उठाव केला. महिनाअखेर गुरुवारच्या सभा थांबल्या. ऑक्टोबरात सय्यद हुसेन आणि मंगल गदिया या दोन शिपायांना मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर तोफेच्या तोंडी दिलं गेलं. जगन्नाथ शंकरशेटांसारख्या नामांकित माणसावरही सरकारी संशयाची नजर होती. उघड्यावर गर्दी जमवण्याचे ते दिवस नव्हते. विष्णुबुवा लेखनाकडे वळले आणि १८५९ मध्ये त्यांचा ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ आला. इतर धर्मांचं खंडन करणाऱ्या या ग्रंथानं त्यांची कीर्ती पक्की केली आणि त्या कीर्तीनंच पुढे त्यांच्या दुसऱ्या विचारावर पडदा टाकला.

१८५९ आणि १८६७ यांच्या मधल्या आठ वर्षांत मुंबईनं जे पाहिलं ते ध्यानात घेतल्याशिवाय निबंध नीट वाचता येत नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस बंद पडला आणि लँकशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसाला तोंडाला येईल तो भाव दिला. शहरात सोन्याचा पूर आला. बँका आणि कंपन्या रोज निघू लागल्या. त्यांत सर्वांत मोठी सट्टेबाजी झाली ती बॅकबे भरून काढण्यासाठी निघालेल्या कंपनीच्या शेअरांची. पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. ज्या किनाऱ्यावर विष्णुबुवांनी गुरुवार गाजवले, तोच किनारा, समुद्रातून अजून वर न आलेली जमीन, कागदावर विकली जात होती. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि १ जुलैला व्यवहार पुरे करायचा दिवस आला तेव्हा देणी द्यायला पैसा कोणाकडेच नव्हता. पेढ्या बुडाल्या, घराणी रस्त्यावर आली. १८६४ च्या गणनेत ८,१६,५६२ माणसं मोजलेलं शहर पाहता पाहता ओसरू लागलं. १८६६ मध्ये ओडिशात दुष्काळ पडून सुमारे दहा लाख माणसं मेली. बाहेरून धान्य आणण्यात सरकारनं केलेली दिरंगाई त्याला मोठं कारण होती.

या घटनांमुळेच विष्णुबुवांनी निबंध लिहिला असं म्हणता येणार नाही. पण तो वाचणाऱ्या मुंबईकराला ‘पैसा नसलेलं राज्य’ ही कल्पना वेडगळ वाटण्याआधी क्षणभर थांबायला लावील, असा अनुभव शहराच्या पदरी नुकताच पडलेला होता.

आता निबंधातलं राज्य. त्याची मांडणी तपशीलवार आहे आणि ती तशीच पाहिली पाहिजे, कारण विष्णुबुवांचं वेगळेपण तपशिलातच आहे. संतांनी सर्वांभूती समता सांगितली होती; कोठार कुठे असावं, हे कोणी सांगितलं नव्हतं.

जमीन सर्वांची, म्हणून कसायची सर्वांनी मिळून. पीक गावच्या कोठारात. तिथून माणसानं आपल्यापुरतं आणि गुराढोरांपुरतंही न्यावं. कापड असंच तयार होऊन साठवलं जावं आणि लागेल त्यानं घ्यावं. दागिन्यांनाही हाच न्याय आहे. एका गावात कमी आणि दुसऱ्या गावात जास्त पिकलं तर काय, याचं उत्तर म्हणून गावोगाव आगगाडी आणि तारायंत्र न्यावं, असं ते सुचवतात. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. वेदांचा अभिमानी असलेला हा माणूस यंत्राला घाबरत नाही, प्राचीन काळाकडे परत चला असंही म्हणत नाही. दहा-चौदा वर्षांपूर्वी आलेली आगगाडी तो कापसाच्या गाठी बंदरावर नेण्याच्या कामातून काढून धान्य वाटायच्या कामाला लावतो.

काम प्रत्येकानं करायचं, पण कोणतं काम ते जन्मावरून ठरत नाही. मुलं पाच वर्षांची झाली की ती राज्याच्या हवाली करायची. राज्यानं त्यांना वाढवायचं, शिकवायचं आणि ज्याच्या अंगी जे असेल ते काम त्याला द्यायचं. वर्ण गुणकर्मावरून, जन्मावरून नव्हे, हा त्यांचा धर्मविचार इथे थेट व्यवहारात उतरतो. कोणाचं मूल कोणाच्या घरी जन्मलं हे ज्या शाळेत विचारलंच जात नाही, तिथे जात टिकायला आधार राहत नाही. लग्नासाठी वेगळं खातं आहे. स्त्री आणि पुरुष दोघांची पसंती असेल तर लग्न लागावं. विधवेनं पुन्हा लग्न करायला विष्णुबुवांची हरकत नव्हती. बालविवाह आणि केशवपन हे ब्राह्मण घरांतले रोजचे प्रकार होते त्या काळात एक ब्राह्मण ब्रह्मचारी हे लिहीत होता. म्हातारपणी माणसाला कामातून सोडवावं आणि राज्यानं त्याला सांभाळावं, हेही त्यात आहे.

चोरी का होते? कारण एकाकडे आहे आणि दुसऱ्याकडे नाही. सर्वांना सर्व मिळालं की चोरीचं कारणच गेलं आणि त्याबरोबर तंटे, फिर्यादी, तुरुंग यांचंही. निबंधातली ही विचारसरणी युरोपातल्या आधीच्या पिढीच्या स्वप्नदर्शी समाजवाद्यांच्या फार जवळची आहे. रॉबर्ट ओवेन, शार्ल फुरिये, एतियेन काबे यांनी अशीच सामाईक वस्त्यांची चित्रं काढली होती. अमेरिकन लेखक एडवर्ड बेलमीची ‘लुकिंग बॅकवर्ड’ ही कादंबरी, जिच्यात सरकारी कोठारातून सर्वांना माल मिळतो, ती आली १८८८ मध्ये.

पण विष्णुबुवांचं मूळ तिकडे शोधायची गरज नाही. त्यांच्यासमोर दोन नमुने घरचेच होते. एक एकत्र कुटुंब. त्यात कमावणारा आणि न कमावणारा एकाच पंगतीत जेवतो, आजारी भावाला त्याच्या हिश्शाचा हिशेब कोणी विचारत नाही. दुसरा गावगाडा, जिथे बलुतेदाराला कामाचे पैसे मिळत नसत, पिकातला वाटा मिळे. या दोन्हींतला जाच विष्णुबुवांना माहीत नसेल असं नाही. त्यांनी केलं ते असं की कुटुंबातून कर्त्याची मालकी आणि गावगाड्यातून जात काढून टाकली आणि उरलेला ‘सर्वांचं सर्वांसाठी’ हा व्यवहार राज्याएवढा मोठा केला. मराठी माणसाला समजेल अशा शब्दांत आणि त्याच्या ओळखीच्या संस्थांमधून समाजवाद सांगण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न, आणि तो कोणत्याही पाश्चात्त्य पुस्तकाची मदत न घेता झाला.

त्यातली उणीव लपवण्यात अर्थ नाही. या राज्यात राजा आहे. निवडणूक नाही, सभा नाही, राजानं कोठाराला कुलूप घातलं तर प्रजेनं काय करायचं याचं उत्तर नाही. पाच वर्षांचं मूल आईपासून काढून घ्यायचं, यात त्या आईचं म्हणणं काय, हे लेखकाच्या मनात आलेलं दिसत नाही. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे हे घडणार कसं? विष्णुबुवांचा भरवसा राज्यकर्त्याला पटवून देण्यावर. त्यासाठीच निबंधाचं इंग्रजी भाषांतर कॅप्टन फेल्प्स या गोऱ्या अधिकाऱ्याकडून करवून १८६९ मध्ये प्रसिद्ध केलं गेलं. जकातीच्या जुन्या कारकुनानं साम्राज्याला पाठवलेला हा अर्ज होता. साम्राज्यानं त्याची दखल घेतली नाही.

मराठी समाजानंही घेतली नाही. याची कारणं त्या काळच्या गिरगावातच सापडतात. १८६७ च्या मार्चमध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. रानडे-भांडारकरांच्या पिढीचे हे सुधारक विद्यापीठातून आलेले, इंग्रजी वाचणारे. साक्षात्काराचा दावा करणाऱ्या, वेद प्रमाण मानणाऱ्या ब्रह्मचाऱ्याकडे आपला राजकीय विचारवंत म्हणून पाहणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. सनातन्यांना पाद्र्यांशी भांडणारा विष्णुबुवा हवा होता, पण जन्मजात वर्ण नाकारणारा आणि विधवेचं लग्न लावणारा नको होता. १० एप्रिल १८७५ ला स्वामी दयानंदांनी गिरगावात आर्य समाज स्थापन केला आणि वेदांच्या नावानं सुधारणा मागणाऱ्यांना पक्की संघटना मिळाली. विष्णुबुवांनी संघटना कधी उभारलीच नव्हती. पुण्यात १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला. शूद्रातिशूद्रांच्या गुलामीचं मूळ ब्राह्मणी सत्तेत दाखवणाऱ्या त्या चळवळीला राजाच्या सदिच्छेवर टेकलेला आराखडा अपुरा वाटला असता तर ते योग्यच होतं.

१८ फेब्रुवारी १८७१ ला, महाशिवरात्रीच्या दिवशी, विष्णुबुवा मुंबईत वारले. वय ४५.

तेरा वर्षांनी, सप्टेंबर १८८४ मध्ये, परळच्या सुपारीबागेत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली. साडेपाच हजार कामगारांनी मागण्यांवर सह्या केल्या : आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार. कोठारातून हवं ते घेऊन जाणाऱ्या प्रजेचं चित्र आणि अर्धा तास जेवायला मागणारे कामगार, यांच्यामधलं अंतर केवढं ते इथे कळतं. लोखंड्यांनी जे मागितलं ते लढून मिळवता येण्यासारखं होतं, आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. विष्णुबुवांकडे नेमकी हीच बाजू नव्हती. पण लोखंड्यांच्या सभेत बसलेली माणसं कोण होती? मोठ्या संख्येनं कोकणातली आणि घाटावरची कुळं, पोटापुरतीही जमीन न उरलेली. ज्या प्रश्नावर निबंध लिहिला गेला, तोच प्रश्न बोटीनं आणि पायी चालत परळ-लालबागला आला होता.

साम्यवाद मुंबईत संघटना म्हणून आला तो १९२० नंतर. श्रीपाद अमृत डांगे यांचं ‘गांधी व्हर्सेस लेनिन’ १९२१ मध्ये निघालं, १९२८ मध्ये सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला आणि त्याच लढ्यात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. १९३१ मध्ये गंगाधर अधिकारी यांनी कम्युनिस्ट जाहीरनामा मराठीत आणला. पण १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी एक गोष्ट पुढाऱ्यांपुढे ठेवली : जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेतच नाहीत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटतो. ज्याच्या अंगी जे काम ते त्याला, जन्म विचारायचा नाही, हा नियम साठ वर्षांपूर्वी मराठीत छापला गेलेला होता. कोठार आणि जात हे दोन प्रश्न एकाच निबंधात, एकमेकांत गुंतवून मांडलेले होते. लाल बावट्याला हा वारसा आपला म्हणता आला असता.

तसं झालं नाही आणि विष्णुबुवांची वाटणी होऊन गेली. हिंदुत्वाच्या इतिहासात त्यांचा अर्धा भाग ठेवला गेला, किनाऱ्यावरचा. डाव्यांच्या इतिहासात दुसरा अर्धा तळटीपेपुरता उरला. अभ्यासकांनी मात्र त्यांना सोडलं नाही. मुंबई विद्यापीठात इतिहास शिकवणारे जे. व्ही. नाईक आणि अमेरिकन इतिहासकार फ्रँक कॉन्लन यांनी त्यांच्यावर गंभीरपणे लिहिलं. त्यांच्या लेखनातून दिसतो तो एकच, न तुटलेला माणूस. एकच ईश्वर सर्वांत आहे, हे ज्यानं वाळूवर उभं राहून सांगितलं, त्यालाच कोठारावर एकाचं कुलूप सहन होत नव्हतं. पहिली गोष्ट गंभीरपणे घेतल्यामुळेच तो दुसरीपर्यंत पोचला. त्याचा धर्म बाजूला काढून राजकारण वाचता येत नाही आणि राजकारण झाकून धर्मही.

लालबाग-परळमध्ये जमिनीचा प्रश्न शेवटी उघडपणे आला तो शतकाहून अधिक काळ गेल्यावर. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद होत गेल्या. उरली सुमारे सहाशे एकर जमीन. १९९१ च्या नियमानं त्या जमिनीचे तीन वाटे ठरवले : एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या रिकाम्या जागेपुरती धरायची असं ठरलं, आणि शहराच्या वाट्याला यायची जमीन आटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल उचलून धरला. कामगारांच्या घरांसाठी लाखाहून अधिक अर्ज आले. २०१२ च्या पहिल्या सोडतीत घरं निघाली सात हजारांहून कमी.

जमीन कोणाची, हा निबंधातलाच प्रश्न होता. तरीही महाविद्यालयांतून मराठी राजकीय विचार शिकवला जातो तो बहुधा लोकहितवादींपासून सुरू होऊन फुले, रानडे, आगरकर, टिळक असा पुढे जातो. ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ त्या यादीत असायला हवा. तो लहान आहे, एका बैठकीत वाचून होतो. फेल्प्सच्या १८६९ च्या इंग्रजी भाषांतरासह आणि १८५७ च्या किनाऱ्यावरच्या वादातल्या निवडक भागासह तो एका पुस्तकात छापला जावा. त्यातला राजा, आईपासून काढून घेतलेलं पाच वर्षांचं मूल, परधर्मावरचा कडवटपणा, काहीही न गाळता. विद्यार्थ्यांनी त्यावर भांडावं. विष्णुबुवांना वादाचं वावडं नव्हतं.